एक्सवर धंदा कसा करावा : खाते उघडण्यापासून तक्रारीच्या उत्तरापर्यंत

आपल्या घराघरांत धंद्याची परंपरा जुनी आहे. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, मिरजेची सतार, कोकणातला आंबा आणि मासळी, गावोगावची बेकरी, मटणाचे दुकान, टेलरिंग, गॅरेज. आता त्यात घरातल्या बायका-मुलींचे उद्योगही आले आहेत : मेहंदी, अबाया शिलाई, केक, रमजानमधले इफ्तारचे डबे. यातल्या बहुतेकांचे व्हॉट्सॲप स्टेटस रोज बदलते, इन्स्टाग्रामवर फोटोही पडतात. पण एक्स, म्हणजे कालपरवापर्यंतचे ट्विटर, म्हटले की उत्तर ठरलेले असते, "ते राजकारणाचे आणि भांडणाचे मैदान. तिथे आपले काय काम?"

शंका रास्त आहे. एक्स सगळ्यांच्या उपयोगाचे नाही, हे आम्ही आधीच सांगतो. पण ज्यांच्या उपयोगाचे आहे त्यांनी ते नीट वापरावे आणि फसवणुकीपासून वाचावे, यासाठी ही माहिती एका जागी देत आहोत. एक गोष्ट मनात पक्की ठेवा : एक्स हे दुकान नाही, दुकानाचा ओटा आहे. ओट्यावर माल फारसा विकला जात नाही. तिथे माणसे थांबतात, विचारपूस करतात, दुकानदार कसा बोलतो ते बघतात. त्यावर आत यायचे की नाही ते ठरते.

हे माध्यम नेमके काय आहे

थोडक्या शब्दांत, सगळ्यांना दिसेल असे लिहायचे आणि कोणीही त्याला उत्तर द्यायचे, याला मायक्रोब्लॉगिंग म्हणतात. ट्विटर २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. सुरुवातीला एका संदेशाला १४० अक्षरांची मर्यादा होती, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये २८० झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला कंपनी विकत घेतली आणि जुलै २०२३ मध्ये तिचे नाव एक्स केले. याच प्रकारची थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टोडॉन ही माध्यमेही आहेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तिथेही लागू पडतात.

व्हॉट्सॲपपेक्षा यात मोठा फरक एकच. व्हॉट्सॲपवर तुमचे बोलणे ओळखीच्या माणसापर्यंत जाते. इथे ते अनोळखी माणसाला दिसते, शोधल्यावर सापडते आणि वर्षभराने कोणी काढून दाखवू शकते. फायदा आणि धोका दोन्ही इथूनच येतात.

इतरांनी काय केले

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात नोव्हेंबर २००८ मध्ये 'कोगी' नावाची खाण्याची गाडी सुरू झाली. कोरियन चवीचे टाको विकणारी ही गाडी रोज जागा बदलायची. आज गाडी कुठे आणि किती वाजता, हे ते ट्विटरवर टाकत. लोक ते वाचून रांग लावत. मोठ्या जाहिरातीचा खर्च नाही, फक्त वेळेवर दिलेली खरी खबर.

डेल या संगणक कंपनीने परत आलेला, दुरुस्त केलेला माल स्वस्तात विकण्यासाठी वेगळे खाते ठेवले. माल आला की तिथे सवलतीची सूचना यायची. त्या खात्यामुळे ३० लाख डॉलरचा धंदा झाल्याचे कंपनीने २००९ मध्ये सांगितले. कॉमकास्ट या केबल कंपनीची ग्राहकसेवा अमेरिकेत बदनाम होती. २००८ मध्ये तिथल्या फ्रँक एलियासन या अधिकाऱ्याने ट्विटरवर तक्रारी शोधून स्वतःहून उत्तरे द्यायला सुरुवात केली. "मी काही मदत करू का?" एवढ्या साध्या विचारण्याची तेव्हा बातमी झाली.

आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात असलेले उदाहरण रेल्वेचे. कोकणातून लोकसभेवर निवडून गेलेले सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. तेव्हा धावत्या गाडीतून प्रवासी ट्विट करायचे आणि पुढच्या स्टेशनवर मदत पोहोचायची, अशा बातम्या वरचेवर येत.

या चारही उदाहरणांत चमकदार भाषा कुठेच नाही. वेळेवर खबर आणि वेळेवर उत्तर, एवढेच आहे.

कोणाच्या कामाचे, कोणाच्या नाही

तुमचा सगळा ग्राहक मोहल्ल्यातला असेल, तर व्हॉट्सॲप आणि गुगल मॅपवरची नोंद पुरेशी आहे. मेहंदी, कपडे, केक असा नुसता डोळ्यांना भावणारा माल असेल, तर इन्स्टाग्रामवर जास्त मेहनत घ्या. एक्ससाठी वेळ काढावा तो पुढच्या लोकांनी :

- ज्यांचा ग्राहक गावाबाहेर, परदेशात आहे. उदाहरणार्थ आंब्याचे बागायतदार. मुंबई, पुणे आणि आखाती देशांतले कोकणी कुटुंब मोसमात "हापूस कुठे मिळेल" हे शोधतेच.
- ज्यांच्या कामामागे कसब आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेल्या भोपळ्यापासून वाद्य कसे घडते, हे चार फोटोंत दाखवणारा कारागीर जगातल्या वादकापर्यंत पोहोचू शकतो.
- जे सेवा देतात : टूर-ट्रॅव्हल्स, हज-उमराहचे एजंट, कोचिंग क्लास, सीए, वकील, दवाखाना. इथे लोक आधी माहिती आणि मग माणूस पारखतात.
- ज्यांना पत्रकार, सरकारी कार्यालये, मोठे खरेदीदार यांच्यापर्यंत जायचे आहे. ही मंडळी एक्सवर जास्त असतात.

खाते उघडताना

नाव आणि हँडल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव मराठीत ठेवता येते आणि त्याला ५० अक्षरांची जागा असते. हँडल मात्र इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर यांचेच बनते, तेही जास्तीत जास्त १५ अक्षरांचे. पाटीवर लिहिता येईल आणि फोनवर सांगता येईल असे सोपे हँडल घ्या. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, एक्स तिन्हीकडे शक्य तर एकच.

ओळखीसाठी १६० अक्षरे मिळतात. त्यात चार गोष्टी बसवा : काय विकता, कुठे, कधी उघडे, ऑर्डर कशी द्यायची. शेर-सुविचाराला तिथे जागा नको. पहिली पोस्ट 'पिन' करून वर ठेवा. त्यात दरपत्रक, डिलिव्हरीचा भाग आणि पैसे परत करण्याचा नियम लिहा.

खाते दुकानाच्या ईमेलवर उघडा, भाच्याच्या किंवा नोकराच्या ईमेलवर नको. "पोरगा बघतो सगळं" असे म्हणून सोडलेले खाते पोरगा सौदीला गेला की बंद पडते. भावाभावांत वाटणी झाली की नाव कोणाचे यावरून कटकट होते. पासवर्ड दोन जबाबदार माणसांना माहीत असावा. दुहेरी सुरक्षा चालू करा. मार्च २०२३ पासून एसएमएसने कोड मिळण्याची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना आहे. पण ऑथेंटिकेटर ॲप वापरून तीच सुरक्षा फुकट मिळते.

घरातून धंदा करणाऱ्या भगिनींनी धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यावा. घराचा पत्ता उघड लिहू नये, "कौसा, मुंब्रा" इतके पुरे. पोस्टसोबत लोकेशन जाऊ देऊ नये. चेहरा दाखवायची काही गरज नाही. माल आणि दुकानाचे चिन्ह पुरेसे असते.

काय लिहावे, कसे लिहावे

मराठीत लिहिताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. एक्स प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजते. 'दुकान' हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द तिथे पाच अक्षरांचा होतो. म्हणून २८० अक्षरांत मराठीची साधारण चाळीस-पन्नास शब्दांची पोस्ट बसते. लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरेच धरली जातात. एका पोस्टमध्ये चार फोटो चालतात.

पोस्ट बेकरीवाल्याची असेल तर अशी असावी :

"आज नानखटाई दुपारी ४ वाजता भट्टीतून निघेल. शुद्ध तुपातली, अंडे नाही. अर्धा किलोचे ३० बॉक्स आहेत. ठेवून हवा असेल तर इथेच 'हो' लिहा, ६ वाजेपर्यंत ठेवू."

यात वेळ आहे, माल कसा आहे ते आहे, किती आहे ते आहे आणि ग्राहकाने काय करायचे ते आहे. "आमच्याकडे उत्तम दर्जाची बेकरी उत्पादने मिळतील" या वाक्यात यातले काहीच नाही.

आठवड्याचे गणित सोपे ठेवा. पाच पोस्ट टाकायच्या असतील तर त्यातली एक सरळ विक्रीची. बाकीच्या चारांत कामाची माहिती, कारखान्यातला फोटो, ग्राहकाच्या प्रश्नाचे उत्तर, वेळेतला बदल. यंत्रमागवाला सुताच्या प्रतींतला फरक सांगू शकतो. गॅरेजवाला पावसाळ्याआधी ब्रेक कसे तपासायचे ते सांगू शकतो. हज-उमराहचा एजंट पासपोर्टची मुदत आणि लशींबद्दल सांगू शकतो. फुकट दिलेली अशी माहिती वाया जात नाही. गरज पडली की माणसाला तेच नाव आठवते.

हॅशटॅग एक किंवा दोन पुरे, आणि त्यात गावाचे नाव असू द्या. रमजानमध्ये वेळा बदलतात, तेव्हा दुकान तरावीहनंतर किती वाजेपर्यंत उघडे हे रोज टाका. ईदच्या आधी "शिलाईच्या ऑर्डर बंद झाल्या" हेही तितकेच स्पष्ट लिहा. नाही म्हणणारा दुकानदार लोकांना आवडतो. चांदरातीला कपडे न देणारा आवडत नाही.

बोलण्याआधी ऐका

एक्सचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे शोध. रोज दहा मिनिटे आपल्या दुकानाचे नाव, आपल्या मालाचे नाव आणि गावाचे नाव टाकून शोधा. "पुण्यात चांगली हलीम कुठे", "अबाया शिवणारे कोणी आहे का ठाण्यात" असे प्रश्न लोक विचारत असतात. तिथे जाऊन सभ्यपणे एक ओळ लिहावी. पण दिसेल त्या पोस्टखाली नंबर चिकटवत फिरू नये. त्याने नाव खराब होते आणि खातेही बंद होऊ शकते.

तक्रार आली तर

खरी कसोटी इथेच लागते. समजा, कोणी लिहिले, "तुमच्याकडून मागवलेल्या आंब्याच्या पेटीत सहा आंबे सडके निघाले. पैसे पाण्यात."

चुकीचे उत्तर : "आमचा माल एक नंबर असतो. तुम्ही उन्हात ठेवले असतील."

बरे उत्तर : "तुमची गैरसोय झाली, माफी असावी. पेटीवरचा नंबर आणि फोटो मेसेजमध्ये पाठवा. आज संध्याकाळपर्यंत आंबे बदलून देतो किंवा पैसे परत करतो."

हे उत्तर तक्रार करणारा एकटाच वाचत नाही. उद्या पेटी मागवायची की नाही या विचारात असलेले पन्नास लोक वाचत असतात. म्हणून पहिले उत्तर उघडपणे द्या, पत्ता-नंबर यांची देवाणघेवाण खासगी मेसेजमध्ये करा आणि काम झाल्यावर पुन्हा उघडपणे "पेटी बदलून दिली" असे लिहा. ग्राहकाची पोस्ट खोटी वाटत असली तरी आधी बिल तपासा. रागात लिहिलेले उत्तर तुम्ही पुसाल, पण स्क्रीनशॉट राहतो. मालातला दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही शिकवण आपल्याला नवीन नाही. फक्त आता ती बाजारभर दिसते.

शिवीगाळ आणि द्वेष

दुकानाचे नाव मुस्लिम असले की कधीकधी मालाशी संबंध नसलेली घाण पोस्टखाली येते. बहिष्काराची भाषाही येते. आमचा सल्ला असा : उत्तर देऊ नका, कारण वाद वाढला की ती पोस्ट आणखी लोकांना दिसते. आधी तारीख आणि हँडल दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा. आपल्या पोस्टला कोण उत्तर देऊ शकते हे मर्यादित करता येते, गरजेपुरते ते करा. जिवाची किंवा दुकानाची धमकी असेल तर स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जा. वकिलाशी बोला.

आणि उलट बाजूही पाळा. दुकानाच्या खात्यावरून राजकीय पोस्ट, दुसऱ्याच्या धर्मावर टोमणा, खातरजमा न केलेला व्हिडिओ पुढे ढकलणे, काही नको. मते असावीत, पण ती स्वतःच्या खात्यावर. दुकानाच्या खात्यावर तुमच्यासोबत चार कामगारांची रोजी अवलंबून असते.

फसवणूक ओळखा

निळी टिक म्हणजे भरवसा, हे समीकरण आता मोडले आहे. पूर्वी ओळख तपासून मिळणारी जुनी टिक एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली गेली. आता निळी टिक महिन्याचे पैसे भरून मिळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कोणीतरी इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने टिकवाले खोटे खाते काढले आणि "इन्सुलिन आता फुकट" असे लिहिले. खऱ्या कंपनीला खुलासा करून लोकांची माफी मागावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीचे असे होते, तर आपल्या दुकानाच्या नावानेही कोणी खाते काढू शकते. म्हणून महिन्यातून एकदा आपल्या नावाचा शोध घ्या. नक्कल सापडली तर एक्सकडे तोतयागिरीची तक्रार करा आणि ग्राहकांना कळवा.

नेहमीचे सापळे असे :

- मोठी ऑर्डर देणारा अनोळखी माणूस "आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.
- बँकेबद्दल किंवा कुरिअरबद्दल तुम्ही तक्रार लिहिली की पाच मिनिटांत "कस्टमर केअर"चे उत्तर येते आणि नंबर मागितला जातो. बहुतेकदा ती ठगांची खाती असतात. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा कार्डामागून घ्या.
- "तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, या लिंकवर लॉगिन करा." अशी लिंक उघडू नका.
- पैसे देऊन हजारो फॉलोअर. ती खोटी खाती असतात. ती माल घेत नाहीत, फक्त आकडा फुगवतात. हीसुद्धा गिऱ्हाइकाची फसवणूकच आहे.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

नियमांचे भान

खाण्याचा धंदा घरातून असला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक पोस्टमध्ये दिल्यास ग्राहकाचा विश्वास वाढतो. 'हलाल' लिहिताना नेमके लिहा. प्रमाणपत्र असेल तर ते चालू मुदतीचे असावे, नसेल तर जबिहा कोण करतो आणि माल कुठून येतो ते सांगा. दुसऱ्याचे फोटो उचलून आपला माल म्हणून दाखवू नका. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीकडून पैसे देऊन पोस्ट करून घेतली, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये तशी नियमावली काढली आहे. औषध, हर्बल तेल, जादा पगाराची परदेशी नोकरी याबाबतचे फुगवलेले दावे तर मुळीच नकोत.

वेळेचा आणि कमाईचा हिशेब

रोजचा अर्धा तास ठरवा. दहा मिनिटे शोध, दहा मिनिटे उत्तरे, दहा मिनिटे लिहिणे. वेबवर पोस्ट आधीच लिहून वेळ लावून ठेवता येते, जुमाच्या दिवशी किंवा प्रवासात त्याचा उपयोग होतो. लाइक मोजत बसू नका. नवीन गिऱ्हाईक आले की विचारा, "आमचे नाव कुठून कळले?" आणि वहीत एक रकाना करा. तीन महिन्यांनी वही बघा. एक्सवरून कोणीच आले नसेल तर हे माध्यम तुमच्यासाठी नाही, तो अर्धा तास दुसरीकडे लावा. यात काही कमीपणा नाही.

आणखी एक सावधगिरी. 'कू' नावाचे भारतीय मायक्रोब्लॉगिंग ॲप २०२० मध्ये मोठ्या गाजावाजाने आले. मराठीत लिहिणारेही त्यावर होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचे संस्थापकांनी जाहीर केले. ज्यांची सगळी ओळखपाळख फक्त तिथेच होती, त्यांची मेहनत तिथेच राहिली. ट्विटरचेही नाव, मालक, नियम पाहता पाहता बदलले. ओटा भाड्याचा आहे, हे विसरू नका. तिथे भेटलेल्या गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर, त्याच्या परवानगीने, आपल्या वहीत आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या यादीत उतरवून घ्या.

सुरुवात करायची असेल तर पहिला महिना काही विकू नका. खाते नीट भरा, शोध घ्या, लोक काय विचारतात ते टिपून ठेवा, जमेल तिथे माहितीचे उत्तर द्या. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याला पाच पोस्ट. तक्रारीला त्याच दिवशी उत्तर देणे जमणार नसेल, तर खाते उघडूच नका. धूळ बसलेली पाटी आणि उत्तर न देणारे खाते, दोन्ही गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगतात : इथे कोणी बसत नाही.